झगा उतरल्यानंतर

तळेगाव दाभाडे स्टेशनातून लोणावळ्याकडे जाणारी लोकल सुटली की पुढचे स्टेशन वडगाव, मग कान्हे, मग कामशेत. एवढ्या तीन स्टेशनांच्या अंतरात न्यायव्यवस्थेची दोन टोके पाहायला मिळतात.

पहिले टोक वडगावचे. मावळ तालुक्याचे ठिकाण वडगाव, म्हणून तळेगावकरांचे कोर्टही तिथेच. सकाळी दहाच्या सुमाराला तिथल्या व्हरांड्यात जाऊन उभे राहा. कापडी पिशवीत सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा घेऊन आलेली माणसे दिसतील. वाटपाचे दावे, बांधाची भांडणे, वहिवाटीची वाट अडवल्याच्या तक्रारी, मनाई हुकमाचे अर्ज हा इथला जुना माल. तळेगाव आणि चाकणच्या एमआयडीसी आल्या, जमिनीला एकरी लाखांचे आणि मग कोटींचे भाव आले, तशी जमिनीच्या दाव्यांना वेगळीच धार आली. ज्या बांधावरून दोन भाऊ आयुष्यभर बोलत नव्हते, त्या बांधाची किंमत अचानक एका फ्लॅटइतकी झाली. शिपाई नावाचा पुकारा करतो, पक्षकार धावत आत जातात आणि बहुतेक वेळा पाच मिनिटांत पुढची तारीख घेऊन बाहेर येतात. आतल्या खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशाला सगळे ‘साहेब’ म्हणतात. साहेबांनी ‘ताबा द्या’ म्हटले की ताबा द्यावा लागतो, ‘हजर करा’ म्हटले की पोलीस हजर करतात. त्या खुर्चीमागे सबंध राज्याची ताकद उभी असते.

दुसरे टोक कामशेतजवळच्या बऊर गावाचे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतचे. 9 ऑगस्ट 2011 रोजी, क्रांतिदिनाला, मावळातले शेतकरी तिथे रस्त्यावर उतरले. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून थेट पिंपरी-चिंचवडला न्यायची योजना होती. आजवर हे पाणी नदीपात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते आणि वाटेतल्या गावांच्या विहिरी, मोटारी, शेते त्यावर जगतात. पाइपातून पाणी गेले तर नदी कोरडी पडेल, ही भीती होती. द्रुतगती मार्ग अडवला गेला, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. त्यातली एक बाई होती. चौकशीसाठी सरकारने उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा एकसदस्यीय आयोग नेमला.

वडगावच्या खुर्चीवरचे साहेब कार्यरत न्यायाधीश. बऊरच्या चौकशीला बसलेले न्यायमूर्ती निवृत्त. लोकांच्या बोलण्यात दोघेही ‘जज्ज’च. पण दुसऱ्याच्या हाती तुरुंगाची किल्ली नसते, जप्तीचा हुकूम नसतो. तरीही माणसे मेली की लोक ‘न्यायालयीन चौकशी करा’ असेच म्हणतात. असे का म्हणावेसे वाटते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

अमेरिकेत प्रत्येक राज्याला स्वतःचे सर्वोच्च न्यायालय असते आणि अनेक राज्यांत त्याच्या न्यायमूर्तींना मतदारांपुढे जावे लागते. आपल्याकडे न्यायालयांचा एकच मनोरा आहे. राज्यापुरता त्याचा सर्वांत वरचा मजला म्हणजे उच्च न्यायालय. आपले मुंबई उच्च न्यायालय 1862 सालचे. न्यायमूर्तींची मंजूर पदे 94. तिथे पोचायच्या वाटा दोन. एक वडगावसारख्या कोर्टात दिवाणी न्यायाधीश म्हणून नोकरीला लागून जिल्हा न्यायाधीश होत होत वर जाण्याची. दुसरी वकिलीची, किमान दहा वर्षे उच्च न्यायालयात उभे राहिल्यानंतरची. दुसऱ्या वाटेने जाणारे जास्त. पण कोणत्याही वाटेने वर गेलात तरी वयाची बासष्ट वर्षे पूर्ण झाली की उतरावे लागते. आधी ही मर्यादा साठ होती, 1963 च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने ती बासष्ट झाली. सर्वोच्च न्यायालयात पासष्ट.

बासष्ट हे न्यायाधीशाचे पिकलेले वय. शेकडो साक्षीदारांचे चेहरे वाचून झालेले असतात, खोटे प्रतिज्ञापत्र दोन ओळींत ओळखू येते, आणि नेमके तेव्हा झगा उतरतो. घटनेचे अनुच्छेद 220 सांगते की ज्या उच्च न्यायालयात कायम न्यायमूर्ती होता, तिथे किंवा देशातल्या कोणत्याही खालच्या कोर्टात पुन्हा वकिली करता येणार नाही. कारण उघड आहे. काल ज्यांना ‘मिलॉर्ड’ म्हणत होते, ते आज समोर वकील म्हणून उभे राहिले तर पक्षकाराचा विश्वास डळमळेल. मूळ घटनेत बंदी सरसकट होती. 1956 च्या सातव्या दुरुस्तीने ती सैल झाली आणि सर्वोच्च न्यायालयात व दुसऱ्या राज्यांच्या उच्च न्यायालयांत उभे राहण्याची मुभा मिळाली. पगार राज्याच्या तिजोरीतून होत असला तरी निवृत्तिवेतन केंद्राच्या संचित निधीतून येते. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाच्या सर्व निवृत्त न्यायमूर्तींना वर्षाला साडेतेरा लाख रुपयांचे समान निवृत्तिवेतन ठरवून दिले, मग ते वकिलीतून आलेले असोत की जिल्हा न्यायालयातून. ते योग्यच झाले. वडगावच्या वाटेने वर चढलेल्याला म्हातारपणी कमी आणि फोर्टातल्या चेंबरातून आलेल्याला जास्त, याला कसलाच आधार नव्हता.

निवृत्तीनंतर बहुतेक जण काय करतात, याचे खरे उत्तर लवाद हे आहे. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या कारखान्यांचे करार उघडून पाहिले, तर शेवटच्या पानांत एक कलम हमखास सापडते: तंटा झाला तर तो लवादाकडे जाईल. सुटे भाग वेळेवर पुरवले नाहीत, शेडचे बांधकाम रखडले, यंत्र ठरल्याप्रमाणे चालले नाही, असे तंटे कोर्टात वर्षानुवर्षे पडून राहण्यापेक्षा दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या माणसापुढे सोडवायचे. तो माणूस बऱ्याचदा निवृत्त न्यायमूर्ती असतो. 1996 च्या लवाद कायद्यात 2015 साली दुरुस्ती होऊन निवाड्याला साधारण वर्षभराची मुदत आली आणि कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात मानधनाचे कोष्टक आले. त्याची कमाल मर्यादा तीस लाख रुपये. हे काम बंद दाराआड चालते, त्याची बातमी होत नाही, आणि त्यात गैर काही नाही. पण माझे मन ओढ घेते ते दुसऱ्या कामाकडे, जिथे दार उघडे असते आणि व्हरांड्यात शेतकरी उभा असतो.

1952 चा चौकशी आयोग कायदा तसा छोटा आहे. सार्वजनिक महत्त्वाच्या ठराविक बाबीसाठी सरकार आयोग नेमते आणि चौकशीची कक्षा लिहून देते. आयोगाला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार मिळतात: साक्षीदाराला बोलावणे, शपथेवर तपासणे, सरकारी दप्तरातून कागद मागवणे. वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, ज्यांना काही सांगायचे असेल त्यांनी प्रतिज्ञापत्र द्यावे. मग पोलिसांचे वकील एका बाजूला, गावकऱ्यांचे दुसऱ्या बाजूला, आणि उलटतपासणी सुरू. ज्याच्या नावाला अहवालाने धक्का लागू शकतो, त्याला आधी नोटीस देऊन बाजू मांडू द्यावीच लागते. ही तरतूद 1971 साली आली. आयोगापुढे दिलेली जबानी, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडला तर, त्या माणसाविरुद्ध पुढे वापरता येत नाही. म्हणून तिथे लोक मोकळेपणी बोलतात. हवालदारही बोलतो.

आणि शेवटी अहवाल. तो विधिमंडळापुढे सहा महिन्यांच्या आत, काय कारवाई केली याच्या निवेदनासह ठेवावा, असे कायदा म्हणतो. पण तो निवाडा नसतो. दालमिया उद्योगसमूहाच्या चौकशीसाठी 1956 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती तेंडोलकर यांचा आयोग नेमला गेला, तेव्हा त्याला थेट आव्हान दिले गेले. 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने आयोग वैध ठरवला, पण त्याच्या शिफारशींना हुकमाचे बळ नाही हेही सांगून टाकले. देशातल्या कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तेंडोलकरांचे नाव त्या खटल्यामुळे ठाऊक असते.

पुणे जिल्ह्याला आयोग नवे नाहीत. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटले, त्याच्या चौकशीला आधी न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्या निधनानंतर न्यायमूर्ती नाईक बसले. 1 जानेवारी 2018 ला कोरेगाव भीमाला हिंसाचार झाला. त्यासाठी कलकत्ता उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा आयोग फेब्रुवारीत नेमला गेला. मुदत चार महिन्यांची होती, ती कितीतरी वेळा वाढवावी लागली. वाढत्या मुदतीवर लोक चिडतात आणि त्यांचे चिडणे मला समजते. पण एकेका साक्षीदाराला दोन-तीन बाजूंचे वकील तपासणार असतील, तर काम तासांत मोजता येत नाही. घाईने लिहिलेला अहवाल दुबळा निघाला, तर त्याच्या पानापानाला छिद्रे पाडायला वकील तयारच असतात.

आयोगाचे काम किती काटेकोर होऊ शकते, याचा धडा न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या आयोगाने घालून दिला. सावंत 1973 साली मुंबई उच्च न्यायालयात आले, 1989 साली सर्वोच्च न्यायालयात गेले. मागासवर्गीयांच्या आरक्षणावरचा मंडल खटला, राज्य सरकारांच्या बरखास्तीवरचा बोम्मई खटला, या दोन्हींच्या पीठांवर ते होते. फेब्रुवारी 1995 मध्ये प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही, असा निकाल त्यांनी लिहिला. त्याच वर्षी निवृत्त होऊन ते प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झाले. 2003 साली अण्णा हजारे यांनी राज्यातल्या मंत्र्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप केले, मंत्र्यांच्या बाजूने अण्णांच्या संस्थांवर आरोप झाले आणि सरकारने दोन्हींची चौकशी सावंतांकडे सोपवली. चार मंत्री आणि आरोप करणारे अण्णा, सगळे एकाच तराजूत. फेब्रुवारी 2005 मध्ये अहवाल आला. त्यात तीन मंत्र्यांवर ठपका होता आणि अण्णांच्या हिंद स्वराज ट्रस्टचे दोन लाख वीस हजार रुपये त्यांच्या वाढदिवसाच्या कार्यक्रमावर खर्च झाले, यावरही ठपका होता.

त्या रकमेपाशी थांबावेसे वाटते. कोट्यवधींच्या आरोपांच्या गदारोळात सव्वादोन लाखांचा हिशेब कुणी सोडून दिला असता, तर कुणाला कळलेही नसते. अण्णा तेव्हा महाराष्ट्राचे लाडके होते. पण समोर हिशेबाची वही आहे, विश्वस्त निधीचा पैसा वाढदिवसाला वापरता येत नाही, मग ते लिहायचे. न्यायाधीशाचे अंगवळण म्हणतात ते हे. कुणाचे नाव मोठे आहे हे न बघता कागद काय म्हणतो ते बघायचे, आणि काय दिसले त्याचे कारण लिहून ठेवायचे. अहवाल आला तेव्हा सावंतांना झगा उतरवून जवळजवळ दहा वर्षे झाली होती. सवय उतरली नव्हती. ते पुढे पुण्यातच राहत आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गेले.

मला सर्वांत मोलाची वाटणारी निवृत्ती मात्र न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांची. जन्म 20 नोव्हेंबर 1927 चा, वडील दादा धर्माधिकारी, घरात गांधीविचार मुरलेला. 1972 साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले आणि बासष्ट पूर्ण होताच नोव्हेंबर 1989 मध्ये निवृत्त झाले. न्यायमूर्तिपद सतरा वर्षांचे. त्यानंतर त्यांच्याकडे एका तालुक्याचे काम आले आणि ते दोन दशकांहून जास्त चालले.

तो तालुका डहाणू. चिकूच्या बागा, वारली पाडे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मुंबई-अहमदाबाद पट्ट्याचा सतत वाढणारा उद्योग. केंद्र सरकारने जून 1991 मध्ये डहाणूला पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरवले, उद्योगांना जास्तीत जास्त पाचशे एकर जागा आणि भोवती पंचवीस किलोमीटरचा संरक्षक पट्टा ठेवला. कागदावरचा नियम जमिनीवर उतरेना, म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या 1996 च्या आदेशानुसार डिसेंबरात डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले आणि धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले.

मावळच्या आयोगासारखे हे केवळ शिफारशीचे काम नव्हते. प्राधिकरणाचे ‘नाही’ खरोखर ‘नाही’ असे. 1998 साली वाढवण बंदराचा प्रस्ताव आला आणि प्राधिकरणाने तो नाकारला. मच्छीमार, बागायतदार, बंदर बांधू पाहणारे, सगळ्यांना ऐकून नाकारला. डहाणूच्या पाचशे मेगावॉटच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरात गंधकाचे वायू होते. 1999 साली प्राधिकरणाने तिथे धुरातून गंधक काढून टाकणारे संयंत्र बसवण्याचा आदेश दिला. कंपनी आणि प्राधिकरण यांच्यात त्यावर वर्षानुवर्षे ओढाताण झाली, पण संयंत्र अखेर बसले. देशातल्या बाकीच्या वीजकेंद्रांच्या धुरातल्या गंधकाच्या वायूंवर मर्यादा घालणारी अधिसूचना केंद्राने 2015 साली काढली. एका निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालचे तालुका पातळीवरचे प्राधिकरण त्या धोरणाच्या सोळा वर्षे पुढे होते.

तळेगावात राहून हे वाचताना मनात तुलना येतेच. आपल्याकडे इंद्रायणी आहे, पवना आहे, एमआयडीसीचे टप्प्याटप्प्याने वाढत जाणारे क्षेत्र आहे, डोंगरउतारावर चढणारे बंगले आहेत. डहाणूसारखी अधिसूचना आपल्याला नाही आणि वीस वर्षे एकाच तालुक्याची फाइल मांडीवर घेऊन बसणारे कुणी नाही. उद्योगाला माझा विरोध नाही. या गावातली किती घरे चाकणच्या पगारावर उभी राहिली, ते मला दिसते. पण एखादा प्रस्ताव आला की आधी बागायतदाराला आणि कोळ्याला ऐकायचे, मग कारणे लिहून हो किंवा नाही म्हणायचे, ही पद्धत एका तालुक्यात इतकी वर्षे चालू शकते हे डहाणूने दाखवले आहे. धर्माधिकारी जानेवारी 2019 मध्ये वारले. पुढे 2023 साली त्याच प्राधिकरणाने वाढवण बंदराला परवानगी दिली आणि 2024 साली त्याची पायाभरणी झाली.

काही न्यायमूर्ती मात्र निवृत्तीच्या दिवसाची वाट बघत नाहीत. विठ्ठल महादेव तारकुंडे सासवडचे, 1909 चा जन्म. लंडनहून बॅरिस्टर होऊन आले, पुण्यात वकिली मांडली, ती 1942 साली सोडून मानवेंद्रनाथ रॉय यांच्या पक्षाच्या कामाला लागले, 1948 साली पुन्हा वकिलीत परतले. 1957 साली मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि 1969 साली, मुदत बाकी असताना, आपण होऊन पायउतार झाले. दिल्लीला गेले, सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले. सातव्या घटनादुरुस्तीने उघडलेले दार ते हेच.

तारकुंड्यांना सरकारने कुठला आयोग दिला म्हणून ते मोठे झाले नाहीत. 1974 साली जयप्रकाश नारायणांबरोबर त्यांनी ‘सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी’ उभी केली. निवडणूक सुधारणांसाठीच्या समितीचे अध्यक्ष झाले. मतदानाचे वय अठरा करावे असे या समितीने सुचवले होते. घटना बदलून ते झाले 1989 साली. आणीबाणीत, 1976 साली, नागरी स्वातंत्र्यासाठी जी संघटना निघाली आणि पुढे ‘पीयूसीएल’ म्हणून ओळखली गेली, तिच्या उभारणीत ते होते. आणीबाणी उठल्यावर 1977 साली आंध्रातल्या कथित चकमकींत तरुण मारले गेल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा तारकुंड्यांच्या अध्यक्षतेखाली नागरिकांची समिती तिथे गेली. या समितीला समन्स काढायचा अधिकार नव्हता, शपथ द्यायचा नव्हता, सरकारी दप्तर मागवायचा तर नव्हताच. गावोगावी जाऊन, माणसांशी बोलून, त्यांनी अहवाल लिहिला. त्यानंतर सरकारला न्यायमूर्ती भार्गव यांचा अधिकृत आयोग नेमावा लागला.

आणि 1981 साली न्यायमूर्तींच्या नेमणुका व बदल्यांवरचा मोठा खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला, तेव्हा अर्जदारांच्या यादीत तारकुंडे यांचेही नाव होते. ज्या माणसाने बारा वर्षे वर बसून पुकारे ऐकले, त्याच्याच नावाचा आता पुकारा झाला. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या वतीने दुसरा कुणी नागरिकही कोर्टात येऊ शकतो, हे त्या निकालाने पक्के केले आणि जनहित याचिकेचा रस्ता रुंद झाला. आज वडगावचा एखादा कार्यकर्ता इंद्रायणीच्या प्रदूषणावर याचिका करतो, तो त्याच रस्त्याने जातो.

मावळच्या जलवाहिनीवर 2011 नंतर स्थगिती आली, ती बारा वर्षे टिकली आणि 2023 साली सरकारने उठवली. विरोध पुन्हा उभा राहिला. गोळी का चालली, हे आयोगाला विचारता येते. पाणी कुणाचे, हे त्याला विचारलेलेच नसते. चौकशीची कक्षा सरकार लिहून देते आणि न्यायमूर्ती त्या चौकटीतच लिहितो. पवनेचे पाणी अजून नदीतूनच रावेतला उतरते आहे. कामशेतहून निघालेली सकाळची लोकल वडगावला थांबते, पिशव्या सावरत माणसे उतरतात आणि कोर्टाच्या रस्त्याला लागतात.